डावं वळण

मार्चमध्ये, कॅनोराच्या धान्यकोठाराजवळ
डावीकडे वळताना स्टेफ्काचा हात दाराच्या मुठीवर गेला.
मी ब्रेक दाबला. मागचा ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.
काय झालं? तिनेच मला विचारलं.

लारिसा फोनवर म्हणाली, बाबा, विका ती गाडी,
आईला आता कळत नाही, चालत्या गाडीतून उतरेल एखाद दिवशी.
मी म्हटलं, बघतो.
विकायची कशी? छत्तीस सालची प्लिमथ,
माझ्याहून सात वर्षांनी मोठी.
कुलूप होतं म्हणे एक, पण त्याची किल्ली
मी ती कधी पाहिलीच नाही.

मग नवी लॅचेस मागवली, फिरत्या जबड्याची, कुलूपवाली.
खोक्यात दोन काळे बेडूक बसल्यासारखी,
तेलकट, तोंड मिटून.

जुनं लॅच काढायला अख्खा दिवस गेला.
चार स्क्रू, त्यातले तीन गंजून एकजीव झालेले.
बाहेर आलं तेव्हा पाहिलं, त्याची जीभ
चघळलेल्या गोळीसारखी गोल झाली होती.
हे दार इतकी वर्षं बंद राहिलं कशावर?
प्रश्न पडला, आणि पान्हा शोधता शोधता विसरलो.

पुठ्ठ्याचा साचा कापला. चुकला. दुसरा कापला.
दार खाली लोंबत होतं, त्याला जॅकवर टेकवलं,
खांबातल्या कुजक्या लाकडाशेजारी पोलादी पट्टी बसवली,
सीटवर ओली गोणपाटं टाकून वेल्डिंग केलं.
शेजारचा हॅल्व्होर कॉफी घेऊन आला,
म्हणाला, एक लक्षात ठेव, तार जोडल्याशिवाय
दार लावून बघू नकोस.
तो गेल्यावर मी दार लावून बघितलं.
खट्‌, खट्‌. दोनदा. इतका नेमका आवाज
त्या गाडीने जन्मात केला नव्हता.
मग एक्क्याऐंशीव्या वर्षी खिडकीतून आत शिरलो,
कमरेपर्यंत गाडीत, पाय बाहेर,
आणि स्टेफ्का पायरीवर उभी राहून हसत होती,
अगदी पूर्वीसारखी, पोट धरून.

आतून उघडायची तार
मी तिच्या मुठीला जोडली नाही.
जमिनीच्या पत्र्याखालून फिरवून माझ्या सीटपाशी आणली.
मूठ तशीच ठेवली, नुसती शोभेला.
हे काम मी रात्री केलं, ती झोपल्यावर,
आणि दिवा मालवल्यानंतरही बराच वेळ गॅरेजमध्ये बसून राहिलो.
मुठीखाली दाराचा रंग उडाला होता,
चार बोटं मावतील एवढाच, खाली पत्रा चकचकीत.
तिथेच का, ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

जूनमध्ये बाहेर पडलो, गुड स्पिरिट तळ्याकडे.
दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी व्हायला लागलेली,
ती वाटेतल्या कोठारांवरची नावं वाचत होती,
एकेक अक्षर, जोरात.
धान्यकोठारापाशी मी डावीकडचा दिवा लावला.
तिचा हात उठला.
या खेपेला मी ब्रेक दाबला नाही, नुसतं पाहिलं.

चार बोटं त्या चकचकीत जागेवर बसली.
तिने मूठ फिरवली नाही.
तिने दार आत ओढलं,
खांदा माझ्याकडे कलवला, पाय रोवले,
वारा असताना तंबूचा दोर धरतात तशी.

लग्नाच्या वर्षी मी म्हणालो होतो,
डाव्या वळणावर दार उघडतं, या रविवारी दुरुस्त करतो.
तोवर जरा धरून ठेव.

धरलंय, ती म्हणाली. वळ तू.

दार आता कुठेही जाणार नव्हतं.
तरी मी सावकाश वळलो.